परातीतल्या उल्का

लग्न होऊन मी नाशिक रोडला राहायला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी घरमालक काकांनी मला उंदीर दाखवला आणि म्हणाले, "नमस्कार कर. मूळपुरुष आहे."

उंदीर पिंजऱ्यात होता. मी एकवीस वर्षांची नवी नवरी. गेल्या आठ दिवसांत ज्याच्याकडे बोट दाखवतील त्याच्या पाया पडायची अशी काही सवय जडली होती, की मी वाकले. उंदरालाही ते नवीन असावं. तो कोपऱ्यात सरकला.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. काकू सटाण्याकडच्या. एरवी तुमच्याआमच्यासारखं बोलायच्या, पण काकांवर चिडल्या की थेट माहेरच्या अहिराणीत शिरायच्या. "हाऊ माणूस येडा शे," त्या मला म्हणाल्या. "तू मनावर घेऊ नको, पोरी."

येडा की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मनावर घ्यायचं नव्हतं ते मी घेतलंच.

काकांचं म्हणणं असं की, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आकाशातून डोंगराएवढा दगड येऊन पृथ्वीवर आदळला. धुरळ्याने सूर्य झाकला, झाडोरा वाळला, झाडोरा खाणारे डायनोसोर उपाशी मेले, मग त्यांना खाणारेही मेले. वाचली ती उंदराएवढी बारकी जनावरं, बिळात राहणारी, मिळेल ते कुरतडणारी. आपण सगळे त्यांच्या वंशातले. "तो दगड थोडा चुकला असता ना," काका म्हणायचे, "तर आज या ओट्यावर तू नसतीस, मी नसतो. एखादा मोठा सरडा बसला असता आणि त्याची बायको त्याला येडा म्हणत असती."

म्हणून घरात सापडलेला उंदीर मारायचा नाही. काका पिंजरा सायकलच्या हँडलला अडकवून रेल्वे लाइनीपलीकडच्या मळ्यात जायचे आणि सोडून यायचे. संध्याकाळपर्यंत उंदीर परत. काकूंच्या मते तोच. काकांच्या मते त्याचा भाऊ.

सर्वपित्रीला कावळ्याचं पान ठेवतात, तसं त्यांच्याकडे एक पान मोरीपाशी बिळाच्या तोंडाशीही असायचं. पाखरं ही डायनोसोरांच्याच कुळातली, असं शास्त्रज्ञ आता म्हणायला लागलेत, हे काकांनी कुठेतरी वाचलं होतं. "म्हणजे कावळा मेलेल्यांकडचा आणि उंदीर वाचलेल्यांकडचा. जेवायला दोन्हीकडचे नकोत?" काकू तोंडाने अहिराणी बोलत आणि हाताने दोन्ही पानांवर सारखीच खीर वाढत. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्ही कशाला वाढता मग?" तर म्हणाल्या, "अगं, खरंच असला मूळपुरुष तर?"

रामकुंडावर एका गुरुजींशी काकांची जुनी ओळख होती. त्यांना ते दर भेटीत छेडायचे. "गुरुजी, गंगा आली कुठून?" नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात. गुरुजी म्हणायचे, "स्वर्गातून, हे का मी तुम्हाला सांगायचं?" त्यावर काका खुशीत यायचे. पृथ्वीवरचं पाणी धूमकेतूंबरोबर आलं असावं, असं काहींचं मत आहे, म्हणायचे. गुरुजी धोतर सावरत म्हणायचे, "वाहन तुमचं वेगळं. पत्ता आमचाच आहे."

तीस वर्षं काका सरकारी छापखान्यात होते. काम एकच, छापून आलेले ताव तपासायचे. रेघ तुटलीय का, शाई फुटलीय का, नको तिथे ठिपका पडलाय का. निवृत्त झाल्यावर माणसाची नोकरी सुटते, डोळ्यांची सुटत नाही. भाकरीवरचा डाग बघून ते तवा कुठल्या बाजूने तापला होता ते सांगायचे. "आधी डाग, मग मत," हे त्यांचं पालुपद. कुणी म्हणालं, अमक्याची सून खाष्ट आहे, की हे विचारणार, "डाग दाखव." अक्षर मोहरीएवढं. त्यांचं पोस्टकार्ड वाचायला भिंग लागे आणि तसलं भिंग गावात त्यांच्याकडेच होतं.

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी ती बातमी वाचली. इटलीतल्या एका डोंगरात दोन खडकांच्या मधे मातीचा बोटभर थर सापडला होता. त्यात इरिडियम नावाचा धातू, जो आपल्या जमिनीत जवळजवळ नसतो आणि उल्कांमध्ये पुष्कळ असतो. म्हणजे तो थर त्या पडलेल्या दगडाची धूळ. काकांना झोप लागेना. "डाग आहे तो," ते काकूंना म्हणाले, "पृथ्वीच्या तावावरचा."

पण दुसरा पक्षही होता. काही जण म्हणत होते, डायनोसोर मेले ते दगडाने नव्हे, ज्वालामुखीने. आपला हा सह्याद्रीचा काळा पत्थर, हा सगळा त्याच सुमारास तापलेल्या रसासारखा वाहत आलेला. काका ओट्यावर हात आपटायचे. "हा ओटा, पांडवलेण्याचा डोंगर, रस्त्यावरची खडी, सगळा माल तोच. खटला बघ किती मजेशीर आहे. एक आरोपी डोक्यावर, एक पायाखाली, आणि मधे आपण नाशिककर."

एकदा देवीच्या दर्शनाला म्हणून काकूंना एस.टी.ने लोणारला घेऊन गेले. तिथे उल्का पडून झालेलं मोठं थोरलं विवर आहे, तळाशी खारं पाणी आणि काठाला देवीचं देऊळ. काकू खाली उतरून, दर्शन घेऊन, धापा टाकत वर आल्या, तरी हे कडेलाच बसलेले. चपला काढून.

"चपला कशाला काढल्या?" काकूंनी विचारलं.

"तुझं देऊळ खाली आहे. माझं हे सगळंच."

आता परातीकडे येते. त्याशिवाय माझा या गोष्टीत काही भाग नाही, आणि नसता तर बरं झालं असतं.

काकांनी वाचलं होतं की, उल्का क्वचित पडतात, पण त्यांची धूळ रोज पडते. आपल्या गच्चीवर, अंगणात, वाळत घातलेल्या पापडांवर. तिच्यात लोखंड असतं, आणि हवेतून येताना ती वितळून तिचे बारीक गोल मणी होतात. वर आम्हा भाडेकरूंच्या दोन खोल्या आणि उरलेली गच्ची होती. तिच्या एका कोपऱ्यात, टाकीजवळ, काकांनी पितळेची मोठी परात ठेवली. पावसाळ्यात पन्हळीखाली फडकं बांधायचं. सकाळी परातीतली धूळ गोळा करायची आणि जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवायचं. पिशवीला जे काळं चिकटेल ते कागदावर घेऊन भिंगाखाली बघायचं. कोनवाले कण सह्याद्रीचे, गोल कण वरचे. गोल सापडला की होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत, आणि वहीत नोंद. गल्लीत त्यांना धूळकाका म्हणायचे. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेले चौघे रोज संध्याकाळी ओट्यावर येत आणि विचारत, "काय, आज चंद्र पडला का परातीत?"

मी येईपर्यंत चार महिन्यांत एकही गोल मणी मिळाला नव्हता. मी आले आणि दुसऱ्याच आठवड्यात अकरा मिळाले. पुढे वीस, तीस, एकदा तर बावन्न.

"पायगुण," काकूंनी निकाल दिला.

काका असलं काही मानत नव्हते. पण मणी इतके पडायला लागल्यावर तेही हसत हसत म्हणायला लागले, "पोरीचा पायगुण खरा. आल्यापासून आकाश उघडलंय." नव्या सुनेच्या पायगुणाने कुणाला बढती मिळते, कुणाच्या विहिरीला पाणी लागतं. माझ्या पायगुणाने उल्का पडत होत्या. माहेरी पत्रात हे कसं लिहावं ते कळेना, म्हणून "इकडे सर्व क्षेम" एवढंच लिहिलं.

हळूहळू काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू येत होता. "तुझे डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. आता, माझ्या डोळ्यांचं कौतुक तोवर एकदाच झालं होतं, मुलगी बघायला आले तेव्हा, आणि तेही खरं तर काजळाचं होतं. माझं शिक्षण दहावीला थांबलेलं. सकाळची भाकरी उरकली की मी त्या कागदाशी बसायची. हजार कणांत एक गोल, काळा, चकचकीत, खसखशीहून कितीतरी बारीक. सापडला की मी तो सुईच्या टोकाने बाजूला घ्यायची. हा काल आकाशात होता आणि आज माझ्या पाटावर आहे, असं मनात यायचं आणि वरणाला उकळी येऊन ते उतू जायचं.

त्या हिवाळ्यात काकांनी कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं. ते वाचता आलं हे विशेष, आणि प्राध्यापक रविवारी यायला कबूल झाले हे त्याहून विशेष. काकांनी ओट्यावरच्या चौघांनाही बोलावलं. "या आणि बघा," एवढंच म्हणाले. पण तीन दिवस आधीच कोट उन्हात टाकला.

मला त्यांनी वहीतल्या आकड्यांचा मोठा तक्ता करायला सांगितला, कारण माझं अक्षर माणसांना वाचता येण्यासारखं होतं. बुधवारी दुपारी मी तो करायला बसले. वहीत तारखा होत्या, वार नव्हते. काका वार लिहायचेच नाहीत. "वार आपण पाडले. आकाशाला वार नसतो." पण तक्ता भरगच्च दिसावा म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि प्रत्येक तारखेपुढे वार घालत गेले.

मणी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी पडलेले होते. इतर दिवशी एखादा, नाहीतर शून्य.

मी तक्ता घेऊन काकूंकडे गेले. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा," म्हणाल्या.

वर आले. संध्याकाळ होत आली होती. आमचे हे अंबडच्या एका कारखान्यात ग्राइंडिंगवर, चाकावर लोखंड घासायच्या कामावर, होते. त्यांच्या कामाच्या कपड्यांच्या खिशांत, बाह्यांच्या दुमडींत मूठमूठ काळी धूळ साठायची. मोरी तुंबते म्हणून ते कपडे भिजवण्याआधी मी गच्चीवर नेऊन चांगले झटकायची. परातीला धक्का नको म्हणून मुद्दाम दुसऱ्या टोकाला, कठड्याशी उभी राहायची. कपडे आठवड्यातून दोनदा भिजवायची. रविवारी आणि बुधवारी, संध्याकाळी.

आज बुधवार होता. सदरा माझ्या हातात होता आणि वारा माझ्याकडून परातीकडे वाहत होता.

मी चुंबक आणलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. बाहेर काढलं तेव्हा त्याला दाढी आली होती. भिंगाखाली धरलं. सगळे गोल. काळे, चकचकीत, माझ्या चांगल्या ओळखीचे.

हे आल्यावर त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ठिणगी म्हणजे लोखंडाचा वितळलेला थेंबच. उडताना गोल होतो, गार झाला की मणी." लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि नवऱ्याला त्याच्या कामाबद्दल काही विचारायची ही माझी पहिली वेळ. मग मी सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले. "गप्प बस," म्हणाले. "म्हातारा आनंदात आहे. घर चांगलं आहे, पाणी दोन वेळ येतं. असं घर परत मिळणार नाही."

"आणि प्राध्यापकांनी ओळखलं तर?"

"तर ते ओळखतील. तू कशाला?"

गुरुवारी सकाळी परातीत शून्य मणी होते, कारण सदरा मी झटकलाच नव्हता. काका म्हणाले, "असू दे. आकाशाचीही तब्येत असते." शुक्रवारी त्यांनी बाटल्या फडक्याने पुसून ओळीने मांडल्या. मी बघत होते. आठ-नऊ महिने या माणसाला मी नवऱ्याचा मळ उल्का म्हणून मोजून दिला होता. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्यापेक्षा माझंच वाईट वाटत होतं. चांगले डोळे म्हणून जी काही मी होते, ती याच मण्यांवर होते.

शनिवारी सकाळी काका ओट्यावर दाढी करत होते. मी तक्ता आणि तो सदरा घेऊन गेले.

"काका, डाग आहे," मी म्हणाले. दुसरं काही सुचेना.

त्यांनी हातावरचा फेस पुसला. तक्ता पाहिला, वार पाहिले. मी सदऱ्याचं सांगितलं. त्यांनी स्वच्छ ताट मागितलं, त्यावर सदरा स्वतः झटकला, चुंबक फिरवलं, चांगला डोळा भिंगाला लावला.  अर्ध्या गालावर फेस वाळून गेला. काकूंनी दारातून पाहिलं आणि अहिराणीतसुद्धा काही बोलल्या नाहीत.

मग त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "हे पंधरा दिवस काय?"

"दिवाळी. आम्ही गावाला गेलो होतो. कपडे झटकले नाहीत."

"आणि आकडा दोन आहे."

"दोनच," मी म्हणाले.

"दोनच नाही," काका म्हणाले. "दोन आहेत."

उरलेल्या गालाची दाढी त्यांनी केली. मग मला म्हणाले, "छापखान्यात मी पास केलेल्या गठ्ठ्यात एकदा माझ्या हाताखालच्या माणसाने डाग शोधून काढला. डाग याने धरला म्हणून साहेबासमोर मी त्याचं नाव घेतलं होतं. उद्या तू इथे थांबायचंस."

रविवारी चौघे आले, प्राध्यापक स्कूटरवरून आले, काकूंनी पोहे दिले. काका कोट घालून उभे राहिले आणि म्हणाले, "मणी दाखवण्याआधी एक सदरा दाखवतो."

सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ओट्यावरचे चौघे हसून हसून बेजार झाले. एक जण म्हणाला, "म्हणजे वर्षभर भाडेकरूचे कपडे धुतोयस तू, तेही कोरडे." काकाही हसले, पण जरा उशिरा. प्राध्यापक हसले नाहीत. ते तक्ता बघत होते. "वार कुणी घातले?" त्यांनी विचारलं.

"आमच्या वरच्या पोरीने," काका म्हणाले. "डोळे चांगले आहेत तिचे."

पोह्यांची रिकामी ताटली धरून मी उभी होते. ती कुठे ठेवावी ते मला कळेना.

दिवाळीतल्या दोन मण्यांबद्दल प्राध्यापक म्हणाले, नुसतं बघून सांगता येणार नाही. फोडून आत उल्केत असतं तसं निकेल आहे का ते तपासावं लागेल. काकांनी एक दिला, एक ठेवला. दिलेल्याचं पुढे काही कळलं नाही. प्राध्यापकांची बदली झाली आणि मणी त्यांच्याबरोबर गेला की इथेच कुठे सांडला, देव जाणे. मी कपडे झटकायला खालच्या परसात जायला लागले. परात जागेवरच राहिली. आमचं घर काही गेलं नाही. उलट सिडकोत स्वतःचं घर झाल्यावर आम्ही निघालो, तेव्हा काकू रडल्या आणि काकांनी माझ्या हातात ती होमिओपॅथीची बाटली ठेवली, आत तो एक मणी. वर चिठ्ठी चिकटवलेली, त्यांच्या मानाने मोठ्या अक्षरात: "दिवाळी. वरचे गावाला."

ती बाटली माझ्या देवघरात असते. आमच्या नातेवाइकांना वाटतं अंगारा आहे.

काका जाऊन वर्ष झालं असेल, तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सकाळी माझी मुलगी गच्चीवर फुलबाज्या उडवत होती. नंतर मी झाडायला गेले. तिच्या शाळेच्या प्रयोगाचं चुंबक तिथेच पडलं होतं आणि जुनी खोड जात नाही, म्हणून मी ते केरावरून फिरवलं. भिंग आणलं. काळे, गोल, चकचकीत. फुलबाजीत लोखंडाचा कीस असतो, हे मला ठाऊक होतं. कधी जोडून पाहिलं नव्हतं, एवढंच.

मी तशीच कठड्याला टेकून बसले. पहिल्यांदा मनात आलं ते हे की, बरं झालं, काकांना कळलं नाही.

मग बाटली काढली. इतक्या वर्षांत चिठ्ठीचा डिंक सुटत आला होता, कडेला नख लावलं तर ती अलगद हातात आली. मागच्या बाजूला मला आधी कागदाचा मळच वाटला. भिंग धरलं तेव्हा ती अक्षरं निघाली, मोहरीच्याही लहान.

"फुलबाजीतूनही असेच मणी पडतात. उरलेली एक जाळून पाहिली. हा त्यातला की वरचा, अजून कळलेलं नाही. तुझे डोळे चांगले."

खाली तारीख होती, प्राध्यापक येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची. तारखेपुढे वार लिहिला होता.